टँकरातला नवरदेव

आम्ही चौघांनी मिळून विनोदी गाण्यांची एकच कॅसेट काढली. आठ गाणी, दोन बाजू. त्या कॅसेटपायी तीन माणसांचं रक्त सांडलं, आणि त्यातल्या एकीचं मी माझ्या हाताने सांडलं. लोकांना अजून त्यातली गाणी आठवतात. एखाद्या लग्नात कुणी म्हातारी माझा हात धरून म्हणते, "तूच ना ती टँकरच्या गाण्यातली?" मी हो म्हणते आणि विषय बदलते.

नव्वद सालाच्या आगेमागे आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आलो. आमचे वडील मराठवाड्यातले. तरुणपणी ते जलशात गायचे, गावोगाव जाऊन. माणूस हसला की त्याचे कान उघडतात, मग काय सांगायचं ते सांग, असं त्यांचं म्हणणं. ते गेले तेव्हा गळा मला आला आणि शब्द माझ्या मोठ्या भावाला. भाऊ सरकारी नोकरीत होता, मी एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर फोन कानाला लावून बोलायचं, त्यामुळे मला माणसं आवाजावरून कळायची. दोन वाक्यं ऐकली की तिसरं मी त्याच आवाजात बोलून दाखवायचे. ऑफिसात साहेबांच्या आवाजात मी लोकांना सुट्टी मंजूर करायचे, आणि सगळे पोट धरून हसायचे.

पेटीला होते मास्तर. गिरगावातल्या शाळेतून निवृत्त होऊन आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर आलेले, विधुर, अतिशय सभ्य. चौथा आमचा ढोलकीवाला. तो मूळचा पेणकरपाड्याचा, आमच्या बिल्डिंगा उभ्या राहायच्या आधीपासूनचा. धंद्याने प्लंबर. आमच्या मोरीचा नळ दुरुस्त करायला आला होता आणि भाऊ आतल्या खोलीत गाणं जुळवत बसला होता. याने पान्हा खाली ठेवला आणि बादली उपडी करून तिच्यावर ठेका धरला. तेव्हापासून तो आमचा झाला. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला ताई.

सोसायटीचे गणपती, जयंती, सत्यनारायण, कुणाची मंगळागौर, असे कार्यक्रम आम्ही करायचो. गाणी सगळी रोजच्या जगण्यावरची. गळणारा स्लॅब, सोसायटीची मीटिंग, नवीन टीव्हीवर झाकण म्हणून चढलेली म्हैसूर सिल्कची साडी, आणि पाणी. पाण्यावरचं गाणं सगळ्यात गाजायचं, कारण पाणी नव्हतंच. आठवड्यातून दोन-तीनदा टँकर यायचा. तो आला की बायका आमटी गॅसवर तशीच टाकून खाली पळायच्या. भावाने त्या टँकरालाच नवरदेव केलं.

टँकरात बसून नवरदेव आला,
हंड्या-कळशांचा जीव खालीवर झाला.
बादली म्हणाली, मी रांगेत पहिली,
घागर म्हणाली, मी कालपासून राहिली.

मधे नवरदेव बोलायचा. तो आवाज माझा. आणि तिथेच मी नको ते केलं.

आमच्या भागातले बहुतेक टँकर एकाच माणसाचे होते. सगळे त्याला शेठ म्हणत. तोही पेणकरपाड्याचाच. बोअरवेल त्याच्या, टँकर त्याचे, आणि पाणी कुणाला द्यायचं तेही त्याच्या मनावर. एका बिल्डिंगच्या सेक्रेटरीने दुसऱ्याकडून टँकर मागवला तर त्या टँकरची काच फुटली आणि सेक्रेटरीचा गुडघाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेठ एकदा आमच्या सेक्रेटरीशी बोलायला आला होता, तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्याचा वरचा पुढचा एक दात नव्हता. 'स' म्हणताना तिथून बारीक शिट्टी निघायची. माणूस आडदांड, मानेवर वळ्या, आणि आवाजात ही चिमणीसारखी शिट्टी. मला हसू आवरेना. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. खालचा ओठ आत घेऊन जिभेचं टोक दातांच्या मधोमध टेकवलं की तंतोतंत तशी निघायची. मी भावाला म्हटलं, नवरदेवाला 'स'ची वाक्यं दे. त्याने लगेच लिहिलं, "सासूबाई, सबूर. सोमवारी सकाळी सव्वासहाला सप्लाय सुरू."

सोसायटीच्या गणपतीत पहिल्यांदा ते म्हटलं आणि मांडव कोसळायचा बाकी राहिला. दुसऱ्या मजल्यावरची माझी शेजारीण, जिच्याकडे मी रोज संध्याकाळी चहाला जायचे, ती हसता हसता खुर्चीवरून घसरली. पुन्हा, पुन्हा, असा ओरडा झाला. पुन्हा केलं. ढोलकी मात्र दुसऱ्यांदा त्या जागी थोडी बसल्यासारखी वाजली.

आवराआवर करताना ढोलकीवाला माझ्याजवळ आला.

"ताई, तेवढी शिट्टी नको. बाकी सगला कर."

"का हो भाऊ? तीच तर चालली."

"चालली म्हनूनच. बरा न्हाय ता."

"नाव कुठे घेतलंय कुणाचं?"

तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "न्हाय घेतला, खरा हाय," आणि ढोलकी गवसणीत घालू लागला. मी पुढे विचारलं नाही. घाबरतोय, त्याच गावचा आहे, असं मला वाटलं. माझ्या मनात त्याच्याबद्दल थोडी कीवच आली.

कॅसेटची कल्पना मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची. तो छोट्या प्रमाणावर कॅसेट काढायचा, भजनं, पोवाडे वगैरे. त्याने गोरेगावात एका तळघरातला स्टुडिओ ठरवला. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, आणि टेप फिरत असताना पंखा बंद. आम्ही शनिवार-रविवार मिळून आठ गाणी केली. मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण पेटीचा सूर इकडचा तिकडे झाला नाही. ढोलकीवाल्याने शाईच्या बाजूला फडकं बांधून आवाज दाबला होता. रेकॉर्डिस्ट काचेमागून त्याला म्हणाला की असा हात मी वर्षभरात ऐकला नाही. तो लाजला. त्याच्या त्या उजव्या हाताची बोटं लांब होती, आणि पाइपांच्या कामाने टोकं टणक झाली होती. थाप मारून तो बोट लगेच उचलायचा नाही, जरा घासत न्यायचा, आणि ढोलकी बोलल्यासारखी वाटायची.

टँकरचं गाणं शेवटी घेतलं. पहिल्या टेकला रेकॉर्डिस्ट स्वतःच हसला आणि ते हसू टेपवर गेलं. पुन्हा घेतलं. नवरदेवाच्या बोलण्याआधी मी ढोलकीवाल्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. मी शिट्टी काढली. इतकी नेमकी ती पूर्वी कधी निघाली नव्हती.

कव्हरवर आमचा चौघांचा फोटो होता, मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात दाटीवाटीने बसलेला. दिवाळीच्या सुमाराला कॅसेट आली आणि बघता बघता पसरली. भाईंदर पूर्वेला स्टेशनाजवळ एक कॅसेटचं दुकान होतं. त्याचा गुजराती मालक स्पीकर बाहेर काढून दिवसभर तीच लावायचा. मला पाहिलं की म्हणायचा, "बेन, आपका वो सीटीवाला गाना लोग दस बार सुनते हैं." भाजी घेणाऱ्या बायका हसत. रिक्षावाले हसत. आमच्या बिल्डिंगच्या बायका तर टँकर आला की ड्रायव्हरच्या तोंडावरच म्हणू लागल्या, सासूबाई सबूर. त्यांना चेव चढला होता. इतकी वर्षं ज्याच्यापुढे हंडे घेऊन उभ्या राहिलो त्याला आपण हसू शकतो, ही गोष्ट त्यांना नवीन होती. मलाही होती. मी रस्त्याने ताठ चालायचे.

पहिल्यांदा ते दुकान फुटलं. दिवसाढवळ्या चार जण आले, स्पीकर रस्त्यावर आपटला, काउंटरची काच फोडली. मालकाला हात लावला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी काच बदलली आणि आमच्या कॅसेट परत पाठवल्या, सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. भाऊ म्हणाला, "एवढ्यावर भागेल." मास्तर म्हणाले, "भागणार नाही. शाळेत असताना मी पाहिलंय. ज्याला हसतात तो पोरगा पहिल्यांदा पाटी फोडतो, मग डोकं."

त्या आठवड्यात ढोलकीवाला एका नवीन बिल्डिंगच्या तळमजल्यावर पाइप बसवत होता. जेवणाची वेळ, मजूर पांगलेले. चौघे आले. पाइप धरून आटे पाडायचा त्याचा लोखंडी शिकंजा फळीवर ठोकलेला होता. दोघांनी त्याला पाठीमागून धरलं, एकाने उजवा हात त्या शिकंज्यात घातला, चौथ्याने दांडा फिरवायला घेतला. ते विचारत होते, "शिट्टी कुनी शिकवली तिला?" दांडा आणखी फिरला. मग तो म्हणाला, "मी." तेव्हा त्यांनी थांबायला हवं होतं. त्यांनी आणखी दोन फेरे दिले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा हात बँडेजमध्ये गुंडाळून खुंटीला टांगल्यासारखा वर बांधलेला होता. बँडेजवर कडेने रक्त आलं होतं. तोंड सुजलेलं. त्याची बायको बाकावर बसून होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुजा काय संबंध, ताई? तो दात मीच पाडलाय."

मग त्याने सांगितलं. मिसरूड फुटायच्या वयात त्याचं आणि शेठचं मिठागराच्या बांधावरून भांडण झालं होतं. याने फावड्याचा दांडा फिरवला. ओठ फाटला, दात मातीत पडला. त्या माणसाचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. आणि मग गाव हसायला लागलं. देवळात, होळीला, लग्नात, तो बोलायला लागला की कुणी ना कुणी शिट्टी मारायचं.

"दहा वर्सं गाव हसला. मीबी हसलो. मंग त्याच्याकडं टँकर आले, मानसं आली, आनि हसायचा बंद झाला. त्यानं बंद करवला. एकाची तर जीभच..." तो थांबला. "त्याला वाटला, मीच तुला सांगून परत चालू केला. त्याचा काय चुकला?"

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? मी दात पाडला ह्या सांगायला लाज वाटली."

भाऊ पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेला. जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा ढोलकीवाल्याने सांगितलं की काम करताना हात शिकंज्यात अडकला. स्वतःचा स्वतः. हवालदाराने तसंच लिहिलं. भाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन भिंतीवर मुठी मारू लागला. मास्तरांनी त्याचे हात धरले. त्याची बोटं सोलली होती.

मी कुणाला न सांगता रविवारी सकाळी शेठच्या वाडीत गेले. शूर होते असं नाही. ढोलकीवाल्याने माझ्या वाट्याचा मार खाल्ला होता आणि मला जेवण जात नव्हतं, एवढंच. वाडीत बोअरवेलचं इंजिन धडधडत होतं, दोन टँकर भरत होते, सहा-सात माणसं होती. शेठ लाकडी खुर्चीवर बसून पेपर वाचत होता.

"शेठ, ती शिट्टी मी माझ्या मनाने काढली. ढोलकीवाल्यांनी नाही शिकवली. ते तर नको म्हणत होते."

त्याने पेपर खाली केला. बोलताना त्याने हात तोंडासमोर धरला. जिन्यात त्याला ऐकलं तेव्हाही मधूनमधून धरला असणार, पण माझं लक्ष आवाजाकडेच होतं.

"तू?"

"हो."

"इंजिन बंद करा रे."

इंजिन थांबलं. टँकरमधून पाण्याचे थेंब पडत होते तेवढाच आवाज.

"काढून दाखव."

मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती. नुसती हवा निघाली. त्याने एकाला खूण केली. त्या माणसाने स्टीलच्या ग्लासात पाणी आणून दिलं. मी उभ्या उभ्या सगळं प्यायले. गार, गोड पाणी होतं. शेठ वाट पाहत होता, घाई नव्हती.

"आता काढ."

मी म्हटलं. सासूबाई, सबूर. सोमवारी सकाळी सव्वासहाला सप्लाय सुरू. जिवाच्या भीतीने म्हटलं, आणि तरी चांगलं निघालं. माझ्या गळ्याला वाईट काढता येत नव्हतं.

कुणी हलेना. आणि मग डाव्या बाजूला टँकरच्या दाराशी उभा असलेला ड्रायव्हर हसला. जाड मिशांचा, पन्नाशीचा, उत्तरेकडचा माणूस. त्याने लगेच तोंडावर हात दाबला, पण नाकातून आवाज निघून गेला होता.

शेठ उठला. त्याने टँकरचा काळा रबरी पाइप उचलला, ज्याच्या टोकाला पितळी जोड असतो, आणि ते टोक ड्रायव्हरच्या डोक्यात हाणलं. ड्रायव्हर खाली बसला. दुसरा फटका कानावर. कान वरून फाटला आणि लोंबला. "शेठ, गलती हो गई, गलती हो गई," एवढंच तो म्हणत राहिला. त्याने हात वर करून अडवलंही नाही. पाठीवर, खांद्यांवर, बरगड्यांवर. पाइप ओला होता, दर फटक्याला पाणी उडत होतं आणि त्याबरोबर लाल. माझ्या साडीवर शिंतोडे आले. बाकीचे जमिनीकडे पाहत उभे. मी ओरडायला हवं होतं. मी आवाजाची बाई, आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. शेवटी शेठचाच दम संपला. तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रागाचं की कशाचं, मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

"आता हसंल कोन?" तो म्हणाला. 'स'ला शिट्टी आली. कुणी हसलं नाही. "जा घरी. बाईवर हात न्हाय टाकत मी. तुज्या बिल्डिंगला पानी न्हाय आजपासून."

खरंच आलं नाही. पहिले दोन दिवस साठवणीवर गेले. मग बायका लांबच्या विहिरीवरून, शेजारच्या बिल्डिंगांतून हात जोडून आणू लागल्या. ऑफिसला जाणारे पुरुष अंघोळ न करता जाऊ लागले. दुसऱ्या टँकरवाल्यांना विचारलं तर ते नाव ऐकूनच नाही म्हणाले. जिन्यात मला पाहिलं की बोलणं थांबायचं. माझ्या दारावर कुणीतरी खडूने शिट्टीचं चित्र काढलं. मी पुसलं. पुन्हा काढलं. मास्तरांच्या खिडकीवर दगड आला, पेटीच्या बाजूला पडला. हे शेठच्या माणसांनी केलं नव्हतं. बिल्डिंगमधल्याच कुणीतरी केलं.

नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून पितळी कळशी भरून आणत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी शेजारीण समोर आली, जी गणपतीत खुर्चीवरून घसरली होती ती. तिच्या हातात रिकामी बादली. तिच्या घरात तापाने फणफणलेली मुलगी होती, हे मला माहीत होतं.

"मिळालं वाटतं पाणी," ती म्हणाली.

"अर्धं देते तुला. थांब."

"तुझं नको. तुझ्या थोबाडापायी माझी पोर कोरड्या फडक्याने पुसतेय मी."

"तूच म्हणाली होतीस, पुन्हा कर म्हणून."

तिने माझ्या तोंडावर मारलं. गालावर नाही, तोंडावर, ओठांवर, पालथ्या हाताने. बांगडी दातांवर आपटली. मग तिने माझा अंबाडा धरला आणि डोकं भिंतीकडे ओढलं. मला वाडीतला पाइप दिसत होता, शिकंजा दिसत होता, जो मी पाहिलासुद्धा नव्हता. मी कळशी उचलली आणि फिरवली. भरलेली कळशी, पूर्ण जोराने. काठ तिच्या कपाळावर बसला. फळी तडकल्यासारखा आवाज झाला. ती जिन्यात बसली. भुवईच्या वरून रक्त भसाभस येऊन डोळ्यात गेलं. पाणी सगळं पायऱ्यांवरून खाली गेलं आणि लाल होत गेलं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो तिचा नव्हता. अरे, पाणी गेलं, असा आला. तो विचार मी कधी स्वतःला माफ केला नाही.

तिच्या नवऱ्याने वर येऊन भावाला मारलं. भावाने उलट हात उचलला नाही, भिंतीला टेकून खात राहिला. "अजून मारा, पण आधी वहिनींना दवाखान्यात न्या," असं म्हणत राहिला. मग तो माणूसच रडायला लागला.

त्याच दिवशी सेक्रेटरी शेठकडे गेले आणि माफी मागून आले. अट एकच होती. दुसऱ्या दिवशी टँकर आला. तो गेटबाहेर थांबला आणि बायकांनी आपापल्या घरातल्या कॅसेट आणल्या. कुणी सांगायच्या आधीच त्यांनी बोटाने टेप ओढून बाहेर काढली होती. रस्त्यावर त्या चॉकलेटी फितीचा ढीग झाला. टँकर त्याच्यावरून पुढे-मागे दोनदा गेला. प्लॅस्टिक फुटताना फटफट आवाज येत होता. मग नळी सोडली. बायका धावल्या. मीही हंडा घेऊन रांगेत उभी राहिले आणि दोन हंडे भरून वर आणले. आमच्याकडच्या बारा कॅसेट मी स्वतःच त्या ढिगावर टाकल्या होत्या.

आम्ही नंतर गायलो नाही. भाऊ लिहायचा थांबला. त्याला पुढे रक्तदाबाने गाठलं आणि तो लवकर गेला. मास्तर मुलाकडे पुण्याला गेले. ढोलकीवाल्याच्या हाताची दोन बोटं कायमची ताठ राहिली. पान्हा तो डाव्या हाताने धरायला शिकला, काम चालू ठेवलं, पण ढोलकी त्याने बायकोच्या भावाला देऊन टाकली. त्याच्या घरी मी दर दिवाळीला जायचे. तिसऱ्या वर्षी त्याच्या बायकोने मला बसायला सांगितलं. चौथ्या वर्षी चहा दिला. शेठ आणि तो एकाच गावात राहायचे, एकाच देवळात जायचे. मी एकदा विचारलं, समोर आला की काय करता? तो म्हणाला, "रामराम करतो. तोबी करतो. आता आमचा हिशेब फिटला, असा त्याला वाटता." "आणि तुम्हाला?" "माजा हात रात्री ठणकतो, ताई. मला कसा फिटंल?"

त्या ड्रायव्हरला मी काही वर्षांनी भाईंदरच्या बाजारात पाहिलं. तो दुसरीकडे टेम्पो चालवत होता. उजव्या कानाचा वरचा भाग नव्हता. त्याने मला ओळखलं. मी म्हटलं, भैया, मेरी वजह से हुआ. तो म्हणाला, "नहीं बहनजी, हँसी आ गई थी. रुकी ही नहीं." मग त्याने टेम्पोचं दार लावलं आणि निघून गेला.

शेजारणीला सहा टाके पडले होते. आठ दिवसांनी ते काढायचे होते आणि तिच्या नवऱ्याची ड्यूटी होती. तिनेच माझ्या दारावर टकटक केली. आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. तिची मुलगी बरी झाली होती, एवढं मला जिन्यातल्या तिच्या खेळण्याच्या आवाजावरून माहीत होतं. डॉक्टरांनी पट्टी काढली, चिमट्याने एक एक दोरा ओढू लागले आणि विचारलं, "कशाने लागलं हो एवढं?"

"जिन्यात पडले," ती म्हणाली.

मी तिची पर्स धरून उभी होते. टाके काढून झाल्यावर तिने हात पुढे केला, मी पर्स दिली, आणि आम्ही रिक्षा बघायला बाहेर आलो.